ओर्फेलिनाबाईंची पहिली बस

ओर्फेलिनाबाई पहिल्यांदा माझ्या बसमध्ये चढल्या तेव्हा दारातच अडकल्या. म्हणजे त्या नाही, त्यांचं अकॉर्डियन अडकलं. ते त्यांनी छातीवर बांधलं होतं, आणि आमच्या बसचं पुढचं दार एका माणसाला भाजीची एक पिशवी घेऊन चढता येईल एवढंच. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर, मधे तो लाल रंगाचा अवजड ऐवज आणि मागे खोळंबलेली सात-आठ माणसं.

"मावशी, आधी त्याला चढवा, मग तुम्ही चढा," मागून कुणीतरी म्हणालं.

शेवटी मीच सीटवरून उठलो आणि अकॉर्डियन धरून आत ओढलं. त्याच्याबरोबर बाईही आल्या. ओढताना भाता उघडला आणि अकॉर्डियनने गाईसारखा हंबरडा फोडला. अख्खी बस हसली. बाई कानापर्यंत लाल झाल्या. त्यांनी केस सारखे केले, पर्स उघडली आणि तिकिटाचे पैसे माझ्यापुढे धरले.

वाल्पाराइसोत मी तेव्हा एकोणीस वर्षं बस चालवत होतो. खाली बंदरापासून निघायचं, बाजाराला वळसा घालून वर चढायचं आणि मग आलेमानिया रस्त्याने एकामागून एक टेकड्यांच्या कमरेवरून वळत वळत शेवटच्या स्टॉपला पोचायचं. या मार्गावर रोज कुणी ना कुणी वाजवणारा चढतोच. गिटारवाले, बासरीवाले, एकदा तर एक जण सुतारकामाची करवत वाजवणारा होता. ते दारातून विचारतात, "दादा, चालेल ना?" मी मान हलवतो, ते दोन गाणी वाजवतात, टोपी फिरवतात आणि उतरतात. त्यातल्या एकानेही आजवर तिकीट काढलेलं नव्हतं.

"बाई, वाजवणाऱ्यांचे पैसे घेत नाही आम्ही," मी म्हणालो.

"मी अजून वाजवलंय कुठे?"

म्हणून तिकीट दिलं. त्या माझ्या मागच्या तिसऱ्या सीटवर खिडकीशी बसल्या, अकॉर्डियन मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी कवटाळून. शेवटच्या स्टॉपला उतरल्या, परत चढल्या, परत तिकीट काढलं आणि बंदरावर उतरून गेल्या. एक सूरही काढला नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, बाई दुरुस्तीवाला शोधत फिरताहेत.

चौथ्या दिवशी वरच्या स्टॉपवर मी चहा घ्यायला उतरलो. तिथे पत्र्याची एक शेड आहे. तिथे एदेल्मिरा आमच्या गाड्यांच्या वेळा लिहिते आणि वेळ उरला की सोपाइपिया, म्हणजे भोपळ्याच्या पुऱ्या, तळते. खरं तर ती तळतेच जास्त. दोन गरम सोपाइपिया कागदात घेऊन मी बसकडे परत आलो. बाई रिकाम्या बसमध्ये तशाच बसलेल्या.

"खा," मी म्हणालो. "काय बिघडलंय याचं? माझ्या ओळखीचा एक आहे दुरुस्तीवाला."

"याचं काही बिघडलेलं नाही. मी वाजवायलाच येते रोज. पण उठायला गेलं की पाय ऐकत नाहीत."

मग सोपाइपिया खाता खाता त्यांनी सांगितलं. आमच्याच मार्गावर, वरच्या एका टेकडीवर सांता फिलोमेनाचं चर्च आहे. तिथे त्या अडतीस वर्षं पायपेटी वाजवत होत्या. दर रविवारी मिस्साची प्रार्थना, शिवाय लग्नं, बाप्तिस्मे, मयतं. गेल्या वर्षी दक्षिणेकडून फादर कामिलो नावाचे तरुण धर्मगुरू आले. त्यांनी पोरांचा गिटारचा संच उभा केला, दोन लाउडस्पीकर आणले. पायपेटी गेली मागच्या कोठीत, मोडक्या मेणबत्तीदाण्यांच्या शेजारी. बाईंचा सत्कार झाला आणि त्यांना सहा कपांचा चहाचा सेट मिळाला.

"सहा कप!" बाई म्हणाल्या. "घरात मी एकटी. उरलेले पाच जण कुठून आणू?"

अकॉर्डियन त्यांच्या भावाचं. तो वारल्यापासून कपाटावर पडून होतं. घरात वाजवायला घेतलं तर शेजाऱ्यांचा कुत्रा गळा काढायचा. "मला पैसे नकोत असं नाही, कोणाला नको असतात? पण बाळा, ऐकायला माणसं नसली की माझी बोटं आळसावतात. आयुष्यभर माणसांसमोर वाजवलंय. त्यांची माझ्याकडे पाठ असायची ही गोष्ट वेगळी."

"आता खालून परत वर येताना वाजवायचं," मी म्हणालो. "उठायचं काम तुमचं, बाकी मी बघतो."

आणि मी बघितलं. बाजाराच्या जरा पुढे, बस निम्मी भरल्यावर, आरशात बघत मी ओरडलो, "मंडळी, आज आपल्या बसमध्ये एक थोर वादक आल्या आहेत!" मला काय माहीत थोर की काय. पण सगळ्या माना वळल्या आणि बाईंना उठावंच लागलं.

त्यांनी जे येत होतं ते वाजवलं. येत होती फक्त स्तोत्रं. त्यातूनही घाबरल्यामुळे बोटं आपसूक सगळ्यात सवयीच्या सुरांवर गेली, आणि ते निघालं मयताचं. संथ, गंभीर, एकेक सूर ओढलेला. वाजवलं मात्र इतकं सुंदर की काय सांगू. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. एका बाईने छातीवर क्रूस काढला. मागच्या सीटवरून दबक्या आवाजात विचारणा झाली, "कोण गेलं?" आणि कुणीतरी तेवढ्याच दबक्या आवाजात सांगितलं, "ड्रायव्हरच्या घरचं कुणीतरी असणार."

तेवढ्यात वळण आलं. मी माझ्या नेहमीच्या वेगाने वळवली. अकॉर्डियन स्वतःच्या मर्जीने उघडलं, बाई त्याच्यामागे गेल्या आणि एका गृहस्थाच्या मांडीवर जाऊन बसल्या. त्याच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली भलीमोठी वाम होती, बाजारातून ताजी आणलेली. बाई वामेवर, अकॉर्डियन बाईंवर.

टोपी फिरवायची त्या विसरल्याच. उतरताना एक बाई त्यांच्या गालाचा मुका घेऊन म्हणाली, "देव तुम्हाला बळ देवो." अकॉर्डियनला आठवडाभर माशाचा वास येत होता.

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी बाई परत हजर. तिकिटाचे पैसे हातात.

"आता तरी घेऊ नका," मी म्हणालो. "काल वाजवलंत की."

"कालचं धरायचं नाही," त्या म्हणाल्या. पण पैसे मात्र पर्समध्ये परत ठेवले.

आता विल्फ्रेदोबद्दल सांगायला हवं. विल्फ्रेदो आम्पुएरो. आम्ही सगळे त्याला सुतळी म्हणतो, कारण अंगाने तो तेवढाच. अकरा वर्षं माझ्या मार्गावर गिटार वाजवून गात आलेला. या मार्गाची मालकी आपल्याकडे आहे असा त्याचा समज होता, आणि आवाज असा की पहिल्या सीटवरचा माणूस शेवटच्या सीटवर जाऊन बसायचा. त्या दिवशी तो बाजारात चढला, तर पुढच्या दांड्याशी बाई उभ्या आणि बस पुन्हा शोकसागरात.

"निबाल्दो, हे काय?" तो मला म्हणाला. "बस दफनभूमीत नेतोयस का?"

"मी ऐकतेय हं," बाई न थांबता म्हणाल्या.

"ऐका ना मावशी, ऐकाच. अकरा वर्षं आहे मी इथे. लोकांनी हसत हसत टोपीत नाणं टाकावं म्हणून रक्त आटवलंय. आणि तुम्ही दोन दिवसांत सगळ्यांना विधवा करून टाकलंत."

बाईंनी सूर पूर्ण केला, भाता मिटला, त्याचा पट्टा लावला. मग म्हणाल्या, "तुमची तिसरी तार उतरलेली आहे."

"काय?"

"तिसरी तार. आता चढताना ती दाराला लागून वाजली, तेव्हाच ऐकलं."

"बाई, अकरा वर्षं वाजवतोय मी हे गिटार!"

"मग अकरा वर्षं उतरलेली आहे."

बस खदखदून हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच. सुतळीला राग आला, पण राग आला तरी त्याने तार छेडून बघितली. बाईंनी अकॉर्डियनवर तोच सूर धरून ठेवला. त्याने खुंटी पिळली, आणखी पिळली, आणि दोन्ही सूर एक झाले तेव्हा त्याचं तोंड असं झालं की जणू कुणीतरी त्याच्या घरातली खिडकी पुसून दिली. पुढच्या स्टॉपवर उतरायचं तेही तो विसरला.

त्या दिवसापासून वरच्या शेडमध्ये रोज दुपारी शाळा भरू लागली. विल्फ्रेदो शिकवायचा, एदेल्मिरा मधे मधे बोलायची, मी खायचो.

"पहिली गोष्ट, पाय," तो सांगायचा. "पाठ दांड्याला, गुडघे सैल. बस म्हणजे होडी समजा. दुसरी गोष्ट, बाजारापासून इस्पितळापर्यंत गाणं संपलंच पाहिजे. टोपी इस्पितळाच्या आधी फिरवायची. इस्पितळाच्या पुढे कुणाचं मन थाऱ्यावर नसतं."

"आणि तोंड," एदेल्मिरा कढईपाशून ओरडायची. "मावशी, तोंड जरा हसरं ठेवा. तुम्ही असं बघता की माणसाला आपली सगळी पापं आठवतात."

बाईंनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. एवढंच नाही, तर एक अख्खा दिवस त्यांनी माझ्या मागे बसून आलेमानिया रस्त्याची सगळी वळणं लिहून काढली. डावं, उजवं, उजवं, लांब डावं. त्यांच्या लक्षात आलं, की प्रवाशांकडे तोंड करून उभं राहिलं तर डाव्या वळणाला भाता आपोआप उघडतो आणि उजव्या वळणाला मिटतो. मग ताकद कशाला लावायची? त्यांनी गाणीच वळणांवर बसवली. चोवीस वळणांचं एक गाणं. मीसुद्धा मग जरा नेमाने वळवायला लागलो. ब्रेक ठेक्यावर पडायला लागला. एदेल्मिराने विचारलं, "हल्ली तू तीन मिनिटं उशिरा येतोस, काय भानगड आहे?" मी म्हणालो, "संथ लय आहे सध्या."

अडचण एकच होती. नाचाची गाणी बाईंना येत नव्हती. विल्फ्रेदोने कुंबिया शिकवायचा प्रयत्न केला, तर त्यांचा उजवा हात ऐकायचा आणि डावा हात प्रार्थनेला बसायचा. पायपेटीला डाव्या हाताची ती बारीक बटणं कुठली? एक दिवस वैतागून विल्फ्रेदो म्हणाला, "सोडा. तुमचंच वाजवा. पण एवढं करा, देवाला जरा घाई आहे असं समजून वाजवा."

बाईंनी डोळे मिटले आणि मिस्सा सुरू होताना वाजायचं ते प्रवेशगीत घेतलं. आधी होतं तसं, मग जरा उचलून, मग आणखी. विल्फ्रेदोने गिटारवर क्वेकाचा, आमच्या रुमाल फिरवत नाचायच्या नाचाचा, ठेका धरला, आणि आम्ही बघतच राहिलो. क्वेकाच होता तो, अस्सल! एदेल्मिराने हातातलं फडकं रुमालासारखं डोक्यावर फिरवलं आणि टाच आपटून माझ्यापुढे उभी राहिली. मी नाचलो. दोन गाड्या वेळेवर सुटल्या नाहीत. त्यांच्या वेळा वहीत काय लिहिल्या ते तिलाच ठाऊक.

पुढचे दोन महिने माझ्या बसला काय गर्दी म्हणता! माणसं मागची रिकामी बस सोडून माझ्यासाठी थांबायची. बाई लवकरच टोपी फिरवायलाही शिकल्या, फक्त प्रत्येक नाण्याला "देव तुमचं भलं करो" म्हणत असल्याने त्यांना विल्फ्रेदोच्या दुप्पट वेळ लागायचा. तो चिडायचा. "मावशी, हे दानपात्र नाही!"

आणि मग नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, चर्चच्या पायऱ्यांखालच्या स्टॉपवर, फादर कामिलो चढले.

मी त्यांना ओळखलं, कारण गळ्यात ती पांढरी पट्टी होती आणि त्या टेकडीवर दुसरा धर्मगुरू नाही. बाईंची दाराकडे पाठ होती. त्यांना काहीच दिसलं नाही. त्या आणि विल्फ्रेदो अगदी ऐन रंगात होते, तेच प्रवेशगीत, क्वेकाच्या चालीत. बाजारातल्या दोन भाजीवाल्या मधल्या जागेत रुमाल फिरवत नाचत होत्या. मी खाकरलो. बाईंना वाटलं, मी लय वाढवायला सांगतोय. त्यांनी वाढवली. मी जोरात खाकरलो. त्यांनी आणखी वाढवली. भाजीवाल्या धापा टाकायला लागल्या.

फादर हातात तिकीट घेऊन बाईंच्या अगदी मागे उभे. मी आरशात बघतोय. आता हे काय म्हणतात? आणि फादर टाळ्या वाजवायला लागले! मनापासून, मान डोलावत.

गाणं संपलं. टोपी फिरली. फादरांनी त्यात शंभर पेसो टाकले आणि बाईंच्या पाठीकडे बघून म्हणाले, "वा! फारच सुंदर. हे कुठलं गाणं?"

बाई वळल्या.

"हे?" ओर्फेलिनाबाई म्हणाल्या. "हे तुमच्याच चर्चमधलं. अडतीस वर्षं दर रविवारी वाजत होतं. शेवटचे आठ रविवार तुम्ही समोर उभे होता."

फादरांचे कान लाल झाले. नाचणाऱ्या भाजीवालीने रुमालाने घाम पुसला आणि कमरेवर हात ठेवले. "बाईंनी अडतीस वर्षं वाजवलं आणि तुम्हाला ओळखू आलं नाही, फादर?"

"ते... ते तिथे वेगळं वाजायचं."

"वेगळं नाही," बाई म्हणाल्या. "हळू."

"सोडा हो त्यांना, तरुण आहेत," कुणीतरी म्हणालं. "सोडायचं काय? कान तर तरुण असतील ना!" दुसरं कुणीतरी म्हणालं. बसमध्ये दोन तट पडले. फादर मधे उभे, एका हाताने दांडा धरून, शाळेत उत्तर न आलेल्या मुलासारखे. मला तर त्यांची दयाच आली. मग त्यांनी तोंड उघडलं आणि एकच वाक्य बोलले.

"बाई, एकदा हळू वाजवाल?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी वेग कमी केला. त्यांनी ते गीत होतं तसं वाजवलं. विल्फ्रेदोने गिटार खाली ठेवलं. इस्पितळ आलं आणि गेलं, कुणी घंटा दाबली नाही. फादरांचे ओठ हलत होते, शब्द आठवत असावेत. शेवटचा सूर मिटला आणि ते एकदम दचकले.

"इस्पितळ! मला इस्पितळात जायचं होतं! एक आजारी माणूस माझी वाट बघतोय!"

मी करकचून ब्रेक दाबला. फादर उतरले आणि झगा वर धरून उतारावरून मागे पळत सुटले. सगळी बस खिडक्यांतून डोकी काढून ओरडत होती, "पळा फादर, पळा!" बाईही ओरडत होत्या. त्यांच्या तोंडावर इतका पोरकट आनंद मी आधी बघितला नव्हता. आजाऱ्याचं म्हणाल तर तो चांगला झाला आणि अजून आमच्याच बसने फिरतो.

शनिवारी फादर बाईंच्या घरी गेले. सोमवारी शेडमध्ये बाईंनी आम्हाला सांगितलं. "मला वाटलं, माफी मागायला आले. मागितलीही, पण ती पटकन उरकली. मग म्हणतात कसे, तो ठेका माझ्या पोरांना शिकवाल का?"

"आणि तुम्ही काय म्हणालात?" विल्फ्रेदोने विचारलं. त्याचा घास हातातच राहिला होता.

"म्हटलं, आधी त्यांची गिटारं सुरात लावा. एकाचंही धड नाही. आणि लाउडस्पीकर बंद."

"आणि परत पायपेटीवर बसा म्हणाले असतील."

"म्हणाले ना. महिन्याचा पहिला रविवार दिला मी त्यांना. बाकीच्या रविवारी कसं जमेल? उन्हाळ्यात रविवारी समुद्राकडे जाणाऱ्या बसा तुडुंब असतात."

विल्फ्रेदोने तो घास घाईघाईने गिळला आणि दुसरा घेतला. तो घाबरला होता हे आम्हाला सगळ्यांना दिसलं. एदेल्मिराने त्याच्यापुढे आणखी एक सोपाइपिया सरकवली.

जानेवारी, म्हणजे आमचा भर उन्हाळा, लागला. एका सकाळी बाई माझ्या स्टॉपवर नव्हत्या. दुसऱ्या दिवशीही नव्हत्या. विल्फ्रेदोला विचारलं तर तो म्हणाला, "किनाऱ्याच्या बसवर आहेत. त्या एर्मोहेनेसच्या."

एर्मोहेनेस म्हणजे आमच्या डेपोतला सगळ्यात खडूस माणूस. वाजवणाऱ्यांना तो दार उघडत नाही. त्याच्या बसमध्ये 'वाद्ये व कोंबड्या आणू नयेत' अशी पाटी आहे, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली. मी म्हणालो, "त्यांना कुणी घेऊन गेलं का? कुणी बोललं त्याच्याशी?"

"कुणी नाही. एकट्याच गेल्या. दारात म्हणे त्याला विचारलं, 'कोंबडी आणलेली नाही, चालेल ना?'"

त्या आठवड्यात एकदा बंदराजवळच्या सिग्नलला माझी बस थांबली होती. शेजारच्या रांगेत एर्मोहेनेसची बस येऊन उभी राहिली, पोहायला निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली. ओर्फेलिनाबाई दांड्याला पाठ लावून, गुडघे सैल सोडून वाजवत होत्या. काय वाजत होतं ते काचेतून कळत नव्हतं, पण माणसांच्या माना एका तालात हलत होत्या, आणि एर्मोहेनेसची बोटं स्टिअरिंगवर तोच ताल धरत होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बोटं थांबवली.

मी दोनदा हॉर्न दिला. बाईंनी बघितलंच नाही. सिग्नल सुटला, ती बस डावीकडे समुद्राच्या बाजूला वळली आणि मी आपला चढाला लागलो.